ड्रेसिंग पाहताना घेरी आली, म्हणून मुलीने डॉक्टर होऊ नये का?

सप्रेम नमस्कार.

बार्शीहून आलेले आपले पत्र आणि त्यासोबतचे मुलीच्या वहीतील पान मी दोनदा वाचले. अकरावीची परीक्षा संपल्यावर आपण तिला पुण्यातील एका खासगी रुग्णालयाने भावी डॉक्टरांसाठी भरवलेल्या दहा दिवसांच्या उन्हाळी शिबिराला पाठवलेत. चौथ्या दिवशी एका मधुमेही रुग्णाच्या पायाचे ड्रेसिंग पाहताना तिला घेरी आली, आणि ही मुलगी या क्षेत्रात टिकेल का, या विचाराने आपली झोप उडाली आहे. प्रमाणपत्राचा प्रवेशासाठी उपयोग होईल का आणि पुढच्या वर्षी परदेशातील मोठ्या शिबिराला पाठवावे का, हेही आपण विचारले आहे.

घेरी येणे ही शरीराची एक परिचित प्रतिक्रिया आहे. रक्त किंवा जखम दिसताच काही जणांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब एकदम उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. उपाशीपोटी, उकाड्यात, बराच वेळ एका जागी उभे राहिल्यास हे अधिक सहज घडते. आणि आपल्या मुलीने वहीत स्वतःच लिहिले आहे की त्या दिवशी उशीर झाल्यामुळे ती नाश्ता न करता निघाली आणि वॉर्डात दीड तास उभी होती. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या खोलीतही काही विद्यार्थ्यांना असेच होते, आणि बहुतेकांना त्याची हळूहळू सवय होते. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी यावर एक साधी पद्धत विकसित केली आहे. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत घट्ट आवळायचे, मग वीस-तीस सेकंद सोडायचे, आणि असे पाच वेळा करायचे. तिने हा सराव घरी बसून करावा. मात्र रक्ताचा काही संबंध नसताना, धावताना किंवा जिना चढताना तिला कधी घेरी आली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

आता मला ज्याबद्दल अधिक लिहायचे आहे, त्या पानाकडे वळतो. सकाळी पुतळ्यावर सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यास करायचा प्रथमोपचार, शिकवला, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा छाती दाबायची असते, दुपारी फोमच्या तुकड्यावर टाके घालायला दिले, संध्याकाळी प्रयोगशाळा पाहिली. या सगळ्याला तिने मिळून पाच ओळी दिल्या आहेत. उरलेले जवळजवळ अख्खे पान त्या ड्रेसिंगनंतरच्या अर्ध्या तासाचे आहे. सिस्टरांनी तिला आडवे केले, पाय वर ठेवले, पाणी दिले. आणि बरे वाटताच घरी फोन करण्याऐवजी तिने त्यांनाच विचारले, की एवढी मोठी जखम होईपर्यंत त्या काकांना कळले कसे नाही? मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली होती, शेतात अनवाणी चालताना काटा रुतला आणि कित्येक दिवस त्यांना पत्ताच लागला नाही, हे उत्तर तिने सविस्तर उतरवून घेतले आहे. आपल्या पत्रात फक्त घेरी आहे, या प्रश्नाचा उल्लेखही नाही. मुलीचा कल जोखताना मी याच अर्ध्या तासाला सर्वाधिक महत्त्व देईन, कारण उपकरणे हाताळण्याची मौज बहुतेक मुलांना वाटते, पण नुकतीच शुद्धीवर आलेली मुलगी रुग्णाबद्दल विचारते, हे क्वचितच पाहायला मिळते.

प्रमाणपत्राबद्दल स्पष्टच सांगतो. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालये प्रवेश देताना रुग्णालयातील अनुभवाचाही विचार करतात. आपल्याकडे एमबीबीएसची गुणवत्ता यादी नीट या प्रवेश परीक्षेत 720 पैकी मिळालेल्या गुणांवरच लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते, आणि शिबिराच्या कागदाला तेथे जागा नाही. अलीकडे नीट मेच्या सुरुवातीला होत असल्याने, पुढच्या वर्षीचे परदेशी शिबिर एकतर अभ्यासाचा वेळ खाईल किंवा निर्णय झाल्यानंतर येईल. तो खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे.

रुग्णांची ओळख आधीच पक्की असावी, अशी अपेक्षाही कोणी करत नाही. 2019पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षापासून विद्यार्थ्यांना रुग्णांपर्यंत नेले जाते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर नव्या विद्यार्थ्यांचे पंधरा दिवसांचे शिबिर आश्रमात होते आणि पुढे ते दत्तक गावात राहून काम करतात.

तरीही एक सुचवतो. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांना विनंती करून तिला चार सकाळी त्यांच्या दवाखान्यात बसू द्यावे. तिने नाश्ता करून जावे, रुग्णाची परवानगी असेल तेव्हाच थांबावे, मोबाइल घरी ठेवावा आणि फक्त ऐकावे. तेथे खोकला, ताप, वाढलेली साखर आणि औषधाला पैसे नसलेली माणसे दिसतील. ते चार दिवस तिला कंटाळवाणे वाटले, तर तेही मोकळेपणाने ऐकून घ्यावे.

पानाच्या तळाशी तिने पेन्सिलीने लिहिले आहे, “काकांना आता चप्पल कोण देणार?” संवेदना गेलेल्या पायांसाठी एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराची मऊ चप्पल मिळते, ती कोठे मिळते, केवढ्याला पडते आणि शेतात टिकते का, हे तिने पहिल्या सकाळी त्या डॉक्टरांना विचारावे.