बेरीज बरोबर, बिल चूक

(विजेच्या बिलांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे नाना आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेचे निदेशक होते.)

प्रश्न : नाना, आम्ही धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरात तीन पंखे, टीव्ही, लहान फ्रिज आणि मार्चनंतर कूलर. बिल सहाशेच्या आसपास येतं. एप्रिलचं एकदम ५,६९० आलं! त्यात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असं काय काय लावलंय. गावातले म्हणतात, हे छुपे आकार आहेत. आमच्या यांचं म्हणणं, मीटर पळतंय. वर सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं ते निराळंच. जानेवारीपासूनची चारही बिलं सोबत पाठवते आहे. यातला कोणता आकार चुकीचा?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, चारही बिलं पाठवलीत हे फार बरं केलं. बहुतेक जण एकच पान पाठवतात, तेही घडीवर फाटलेलं, आणि विचारतात, काय चुकलं?

आधी गावकऱ्यांची शंका. स्थिर आकार जोडणीचा असतो. महिनाभर एक दिवा लावला नाही तरी तो द्यावा लागतो. वहन आकार तारांमधून वीज तुमच्या ओसरीपर्यंत आणण्याचा. रावेरच्या केळीचा भाव वेगळा आणि गाडीभाडं वेगळं, तसंच हे. तो युनिटवर लागतो, म्हणून युनिट वाढले की तोही फुगतो. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, कधी शून्यही असतो. हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशांनुसार लागतात. युनिटांची किंमत धरून या सगळ्याच्या बेरजेवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क, आणि ते जातं राज्य सरकारकडे.

आता तुमचं बिल. शुल्काआधीची बेरीज ४,९०५ रुपये. तिचे १६ टक्के ७८४ रुपये ८० पैसे. मिळवा, पूर्णांकात ५,६९० होतात. म्हणजे एकही आकार छुपा नाही आणि हिशेबात पैशाचीही चूक नाही. चूक आहे ती वरच्या चौकटीत, जिथं कोणी बघतच नाही.

तिथं लिहिलंय : चालू रीडिंग ४८१२, मागील रीडिंग ४३९१, गुणक अवयव १, युनिट ४२१. (गुणक अवयव म्हणजे रीडिंगच्या फरकाला गुणायचा आकडा. घरगुती मीटरला तो १ च असायला हवा. दुसरा आकडा दिसला तर तिथंच थांबा आणि कार्यालय गाठा.) आता जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची बिलं शेजारी ठेवा. तिन्हींवर चालू रीडिंगच्या जागी ‘लॉक’ छापलंय आणि ६८ युनिट सरासरीने लावलेत. तुम्ही कापूस वेचायला गेलात आणि दार बंद दिसलं, की रीडिंग घेणारा ओट्यावर चढलाच नाही, ते देव जाणे. पण ४३९१ हे रीडिंग डिसेंबरचं आहे, मार्चचं नव्हे. तेव्हा हे ४२१ युनिट चार महिन्यांचे झाले. महिन्याला साधारण १०५. एवढ्या सामानाच्या घराला, त्यातून शेवटी कूलर सुरू झालेला असताना, हे अगदी रास्त आहे.

पण कंपनीच्या संगणकाने ते सगळे एकट्या एप्रिलमध्ये ओतले. घरगुती दराचे टप्पे असे : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर दुपटीहून जास्त, तिसऱ्याचा आणखी चढा. तुमचे १०० युनिट पहिल्यात, २०० दुसऱ्यात आणि १२१ तिसऱ्यात गेले. चार महिन्यांवर वाटले असते तर ४०० युनिट पहिल्या टप्प्यात बसले असते आणि उरलेले फक्त २१ दुसऱ्यात. शिवाय तीन महिने भरलेल्या ६८ युनिटांचे, म्हणजे एकूण २०४ युनिटांचे पैसे वजा व्हायला हवेत. तुमच्या बिलावर समायोजित रक्कम शून्य आहे! हे दोन्ही केलं तर बिल निम्म्याच्याही खाली यावं, असा माझा अंदाज.

उपविभाग कार्यालयात तोंडी सांगून येऊ नका. खिडकीवरचा माणूस ‘पुढच्या बिलात होईल’ म्हणेल आणि पुढच्या बिलात व्याज होईल. लेखी अर्ज द्या. त्यात वरच्या चौकटीतले चार आकडे, युनिट चार महिन्यांवर वाटून टप्पे लावण्याची मागणी आणि २०४ युनिटांची वजावट एवढंच लिहा. संताप घरी ठेवा. सोबत चारही बिलांच्या झेरॉक्स आणि मीटरचा आजचा फोटो, ज्यात मीटर क्रमांक आणि रीडिंग दोन्ही दिसेल. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.

पूर्ण रक्कम आत्ता भरण्याची गरज नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांतली कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली तर वीज तोडता येत नाही. एरवीही तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. तिथं तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यावर विद्युत लोकपाल. पण आकडे इतके उघड असताना तिथवर जायची वेळ येऊ नये.

मीटर पळत असल्याचा संशय मला वाटत नाही, पण तुमच्या यांचं समाधान व्हायला हवं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि सेटटॉप बॉक्सचे प्लगसुद्धा काढा, मेन स्विच चालूच ठेवा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर घरात कुठं तरी वीज झिरपते आहे, वायरमन बोलवा. मेन स्विच बंद करूनही लुकलुकला तर तुमच्या मीटरवर दुसऱ्याच कोणाचं घर उजळतंय. नंतर फक्त १००० वॉटची इस्त्री लावा. मीटरवर ‘३२०० इम्पल्स’ (म्हणजे युनिटमागे ३२०० वेळा लुकलुक) लिहिलेलं असेल तर मिनिटाला ५३ च्या आसपास लुकलुक व्हायला हवी. थोडे इकडेतिकडे चालतील. सत्तर झाले तर मीटर तपासणीचा अर्ज करा. इस्त्री तापून आपोआप बंद होते, म्हणून मोजणी पहिल्याच मिनिटात करा.

सुरक्षा ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी धरतात. ही रक्कम ठेवच राहते, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. मात्र त्या सरासरीत तुमचं एप्रिलचं बिल धरलं असेल, तर ते दुरुस्त झालं की सरासरी घटेल. ठेवीची फेरआकारणी त्याच अर्जात मागा.

प्रश्न : मी घरच्या एका खोलीत बिबडे, पापड करून विकते. घरघंटी आहे. शेजारी म्हणतात, दुकानाचा दर लागेल. युनिट दीडशेच्या वर जात नाहीत.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : राहत्या घराच्या एखाद्या भागात व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० पर्यंत असेल तर घरगुतीच दर लागतो. एक अश्वशक्तीची घंटी तासाला पाऊण युनिट घेते, तेव्हा तुम्ही या मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे आहात. बिलावर ‘दर संकेत’ असतो, तिथं घरगुती लिहिलंय ना, एवढं दर महिन्याला बघत जा. तो न कळवता बदललेला दिसला तर वरच्या ताईंना सांगितलेला अर्ज तुम्हालाही लागू.