लॅपटॉप झोपतो पण उठत नाही, आणि बाकीचे लिनक्स-प्रश्न

या वेळी पत्रं भरपूर आलीत, त्यातली सहा घेतोय. कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टर्मिनलमधे अर्थातच इंग्रजी अक्षरं लागतील, आणि जिथे 'डॅश' लिहिलंय तिथे आडवी रेघ समजा.

प्रश्न : सर, मागच्या आठवड्यात अपडेट मारला आणि तेव्हापासून झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो पण उठतच नाही. पंखा फिरत असतो, स्क्रीन काळी, शेवटी पॉवर बटण दाबून धरावं लागतं. नेटवरचे पाच-सहा उपाय करून झाले, ग्रबमधे पण काहीतरी टाकलं, ड्रायव्हर बदलला, काही फरक नाही. फॉरमॅट मारू का?

उत्तर : फॉरमॅट नको हो. फॉरमॅट मारून परत अपडेट केलात की तोच कर्नल (लिनक्सचा गाभा) येणार आणि तुम्ही दोन दिवस घालवून तिथेच. पहिलं काम म्हणजे ते पाच-सहा उपाय एकेक करून मागे घ्या, कारण आत्ता तुमचं मशीन नक्की कुठल्या अवस्थेत आहे हे तुम्हालाच माहीत नाही, मग मला काय कळणार. यापुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहून ठेवायचा. वहीत म्हणजे खरोखरच्या वहीत, मशीन उठलं नाही तर आतली नोट कशी वाचणार?

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द आहे 'अपडेट'. बहुतेक डिस्ट्रो, म्हणजे उबुंटू-डेबियनसारखे लिनक्सचे प्रकार, एक-दोन जुने कर्नल ठेवून देतात. मशीन चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबलं की ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येतो, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधे जुना कर्नल निवडा आणि लॅपटॉप चार-पाच वेळा झोपवून उठवून बघा. एकदा उठला म्हणून खूश होऊ नका, असले बग दर वेळी येतातच असं नाही. जुन्यावर नीट चालतंय आणि नव्यावर नाही असं पक्कं झालं तर त्याला रिग्रेशन म्हणतात, आणि कर्नलवाले बाकी कशाला वेळ लावतील पण रिग्रेशनला सहसा नाही, आधी चालत होतं ते चाललंच पाहिजे हा त्यांचा जुना नियम. दोन्ही वेळी 'यूनेम डॅश आर' मारून आकडा लिहून घ्या. 'या आकड्यावर चालतं, या आकड्यावर नाही', एवढ्यात अर्धा रिपोर्ट झाला.

आता लॉग, म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेली नोंद. मशीन अडकलं, बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं, की लगेच 'जर्नलसीटीएल डॅश बी डॅश १ डॅश के' मारा. यातला 'डॅश १' म्हणजे आत्ताचं नाही, मागचं बूट (मागच्या वेळी मशीन चालू केलं तेव्हाचं), आणि लोक नेमकं हेच विसरतात आणि आत्ताच्या बूटचा स्वच्छ लॉग मला पाठवतात. एकदम तळाशी जा. 'पीएम: सस्पेंड एन्ट्री' अशी ओळ दिसेल, पुढे कंसात 'डीप' किंवा 'एस२आयडल' (हे झोपेचे दोन प्रकार). नीट उठलेल्या मशीनमधे तिच्यानंतर 'पीएम: सस्पेंड एक्झिट' येते. तुमच्याकडे ती नसेल आणि एन्ट्रीनंतर नुसती शांतता असेल तर मशीन झोपेत गेलं ते गेलंच, किंवा उठताना एवढं लवकर अडकलं की डिस्कवर काही लिहायला वेळच मिळाला नाही. आणि एक्झिट असूनही स्क्रीन काळीच असेल तर मशीन जागं आहे, डोळे मिटलेत, म्हणजे संशय ग्राफिक्सवर.

तो कंसातला शब्द पण महत्त्वाचा. सिस फोल्डरच्या पॉवरमधे 'मेम_स्लीप' नावाची फाईल असते, ती 'कॅट' कमांडने उघडून बघा, चौकटी कंसात जो शब्द असेल तो झोपेचा प्रकार आत्ता चालू आहे. तिथेच 'पीएम_टेस्ट' अशी फाईल असेल तर तिच्यात रूट (ॲडमिन) होऊन 'डिव्हायसेस' हा शब्द टाका आणि मशीन झोपवा, ते खरं झोपत नाही, सगळे ड्रायव्हर झोपवून पाच सेकंदांनी परत उठवतं. इथेच अडकलं तर गुन्हेगार कुठलातरी ड्रायव्हर, इथे पास झालं तर पुढे फर्मवेअरच्या (बायोससारख्या मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) हद्दीत शोधायचं. काम झालं की त्या फाईलमधे 'नन' टाकायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉप दर वेळी पाच सेकंदांची डुलकी काढेल आणि तुम्ही नवीन पत्र लिहाल. मग 'एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर' वापरून बायोस अपडेट आहे का बघा, पण हे शेवटी, कारण बायोस एकदा बदललं की आधीची तुलना गेली.

प्रश्न : मी मोठ्या अपेक्षेने बग टाकला होता : 'वायफाय चालत नाही, प्लीज लवकर फिक्स करा.' कोणीतरी इनकम्प्लीट असं लिहून गेलं आणि दोन महिन्यांनी तो बंदच केला. कोणालाच पडलेली नाही का?

उत्तर : बंद माणसाने नाही केला, स्क्रिप्टने केला. लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूच्या बग-साइटवर, इनकम्प्लीट ठरलेल्या बगवर ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही की तो आपोआप एक्स्पायर होतो. तुम्हाला प्रश्न विचारला गेला होता, उत्तर गेलं नाही. राग मानू नका, पण तुमच्या वाक्यावरून मला काय करता येईल सांगा बरं? कार्ड दिसत नाही, की दिसतं पण नेटवर्क सापडत नाही, की कनेक्ट होऊन तुटतं? हे तीन वेगवेगळे बग आहेत, बहुतेक तीन वेगवेगळ्या माणसांचे.

तोच बग असा लिहा : 'सस्पेंडमधून उठल्यावर वायफाय कार्ड गायब, रीबूट केल्यावर परत येतं.' हे झालं शीर्षक. खाली, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा झालं. मग 'एलएसपीसीआय डॅश एनएनके' चं आउटपुट, त्यात कार्डाच्या ओळीत चौकटी कंसात चार-चार अक्षरांचे दोन कोड असतात आणि त्याखाली कुठला ड्रायव्हर चालू आहे ते असतं. नुसतं लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमधे वेगवेगळी कार्डं निघतात. आणि 'मला वाटतं हा पॉवर मॅनेजमेंटचा बग आहे' हे लिहायचंच असेल तर सगळ्यात शेवटी लिहा, आधी जे दिसलं ते. डोकं चालवून काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल तर वाचणारा त्याच्यामागे जातो आणि आठवडा जातो.

टाकायचा कुठे तर आधी आपल्या डिस्ट्रोकडे, कारण त्यांनी कर्नलमधे स्वतःचे पॅच (बदल) घातलेले असतात आणि मूळ कर्नलवाले म्हणणार की आमच्या कोऱ्या कर्नलवर दाखवा. उबुंटूत 'उबुंटू डॅश बग' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की बराचसा माल तोच गोळा करतो, डेबियनमधे 'रिपोर्टबग' आहे, तो ईमेल पाठवतो. ॲप डिस्ट्रोच्या नेहमीच्या पॅकेजऐवजी फ्लॅटपॅक किंवा स्नॅपवरून घेतलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर डिस्ट्रोवाला बिचारा स्वतःच्या पॅकेजमधे नसलेला बग शोधत बसतो.

प्रश्न : बगवर उत्तर आलं की लेटेस्ट आरसी (रिलीजच्या आधीच्या चाचणीच्या) कर्नलवर टेस्ट करून सांगा. करणं सेफ आहे का?

उत्तर : करा, पण बॅकअप घेऊन. ५.१२ च्या पहिल्या आरसीत, म्हणजे २०२१ च्या मार्चमधली गोष्ट, स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वापरणाऱ्यांचा स्वॅपचा डेटा डिस्कवर भलत्याच जागी लिहिला जात होता, म्हणजे फाइलसिस्टीमचंच वाटोळं. लिनक्सचा जनक टोरवाल्ड्सने त्या आवृत्तीच्या नावालाच 'डोन्टयूज' असं शेपूट जोडलं. असं रोज होत नाही, पण एकदा झालं तरी पुरे.

प्रश्न : कधी ब्राउझरचा टॅब फुटतो, कधी ऑफिस आपोआप बंद होतं, काल एक झिप उघडताना फाईल करप्ट आहे म्हणाला आणि तीच परत उघडली तर उघडली! प्रत्येकाचा वेगळा बग टाकू का?

उत्तर : थांबा, एकही टाकू नका. सगळीकडे वेगवेगळं काहीतरी मोडतंय तेव्हा सगळ्यांच्या खाली जे एकच आहे त्याच्याकडे बघायचं. आधी सोपी शक्यता, 'सुडो डीएमईएसजी' मधे 'आउट ऑफ मेमरी' आणि 'किल्ड प्रोसेस' शोधा. सापडलं तर मेमरी संपली म्हणून कर्नलनेच प्रोग्राम मारलाय, बग नाही. पण झिप एकदा करप्ट आणि एकदा बरी, हे त्यात बसत नाही. हे ऐकून मला माझाच जुना किस्सा आठवला, तीन आठवडे मी एका ब्राउझरला शिव्या घालत होतो, क्रॅशचे बॅकट्रेस (प्रोग्राम कुठे फुटला त्याची नोंद) जोडून जोडून रिपोर्ट टाकले, त्यातले कुठलेही दोन बॅकट्रेस एकमेकांसारखे नव्हते, आणि एका डेव्हलपरने शांतपणे एक ओळ लिहिली की रॅम तपासलीत का. मला जरा रागच आला होता. रात्री मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून झोपलो, पहिला पास स्वच्छ, सकाळी बघतो तर दुसऱ्यात लाल ओळी. एक रॅमची पट्टी काढली आणि ब्राउझर सुधारला! मग सगळे रिपोर्ट स्वतः बंद केले, माफी मागून.

तर तुम्ही पण मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा, २०२२ पासूनची ६ ची आवृत्ती यूईएफआय (नव्या प्रकारच्या बायोसच्या) मशीनवर पण चालते. एक जरी एरर आली तरी रॅम संशयित, 'फक्त एकच तर आहे' असं नसतं. बायोसमधे रॅमचं एक्सएमपी प्रोफाईल चालू असेल तर ते बंद करून परत टेस्ट करा, कधीकधी पट्टी चांगली असते, तिला जास्त पळवलेलं असतं.

प्रश्न : 'स्मार्टसीटीएल' (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) मधे १९९ नंबरचा आकडा वाढतोय. हार्डडिस्क गेली का?

उत्तर : १९९ म्हणजे सीआरसी एरर, डिस्क आणि बोर्डच्या मधल्या वाटेत डेटा बिघडतोय, बहुतेक वेळा साटा केबल. केबल बदला, आकडा कमी होणार नाही, पण वाढायचा थांबला की झालं. ५ किंवा १९७ (डिस्कचे खराब किंवा संशयित भाग) वाढत असतील तर मात्र हे वाचणं सोडा आणि आधी बॅकअप घ्या.

प्रश्न : माझा डेस्कटॉप मराठीत आहे, एरर पण मराठीत येतात आणि ते शोधले तर नेटवर काहीच सापडत नाही. इंग्रजी पण यथातथाच. मी बग टाकावा का? आणि लॉगमधे माझी माहिती जाते का?

उत्तर : टाकाच. तुटकं इंग्रजी चालतं, तिकडे निम्मे लोक आपल्यासारखेच आहेत, कमांड आणि आउटपुट अचूक असलं की झालं. एरर इंग्रजीत हवी तर कमांडच्या आधी 'एलसी_ऑल=सी' लावून एक जागा सोडा, तेवढ्यापुरता मूळ मेसेज येईल, बाकी डेस्कटॉप मराठीच राहील. माहितीचं म्हणाल तर हो, लॉगमधे युजरचं नाव, मशीनचं नाव, वायफायचं नाव, मॅक ॲड्रेस असं बरंच असतं, टाकायच्या आधी एकदा वाचून ते बदलून टाका. हार्डवेअरची यादी देताना 'इन्क्सी' ला 'डॅश एफझेड' लावा, त्यातला झेड सिरीयल नंबर, मॅक वगैरे स्वतःच झाकतो.

आणि मराठी मेसेजच चुकीचा असेल, म्हणजे बटणावर लिहिलंय एक आणि होतंय दुसरंच, तर तोही बगच, फक्त तो भाषांतर करणाऱ्या टीमकडे जातो. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपमधे हे काम ज्या साइटवर चालतं तिचं नाव 'डॅम्ड लाइज' आहे. मी गंमत करत नाहीये, खरंच हेच नाव आहे.