जुन्या क्षमतेचाच नवा बॉयलर घेऊ नका

घर गरम करणारा २८ किलोवॅटचा जुना गॅस बॉयलर काढून तेवढ्याच क्षमतेचा कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणारा) बसवायचा. रेडिएटर, पाईप, धुरांडं तसंच ठेवलं तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. धुरांडं तसं चालणार नाही. बाकीचं पाण्याच्या तापमानावर ठरेल.

या बॉयलरची जास्तीची बचत होते ती धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता कामी आल्यामुळे. नैसर्गिक वायूच्या धुरात हे पाणी साधारण ५५ अंश सेल्सियसच्या खालीच होतं. म्हणून रेडिएटरमधून परत येणारं पाणी ४५-५० अंशांवर हवं. रेडिएटरकडे जाणारं पाणी ८० अंशांवर ठेवलंत तर पैसे कंडेन्सिंगचे मोजाल आणि काम साध्याचं मिळेल. दुसरी बाजू अशी, की पाणी आणि खोली यांच्या तापमानातला फरक ५० वरून ३० अंशांवर आला की रेडिएटर जवळपास निम्मीच उष्णता देतो. तेव्हा आधी कडक थंडीत जुन्याच बॉयलरचं तापमान ६० वर आणून बघा. जी खोली तापणार नाही, तिथलाच रेडिएटर मोठा करा. हा प्रयोग एक-दोन दिवसच करा. जुन्या बॉयलरला परतीचं थंड पाणी सोसत नाही, आतून घाम सुटून तो गंजतो.

क्षमता जुन्या बॉयलरच्या पाटीवरून ठरवू नका, खोलीवार उष्णतेचा हिशोब करून घ्या. जुने बॉयलर बहुधा गरजेपेक्षा मोठेच असतात. नव्या बॉयलरच्या कमाल क्षमतेइतकीच किमान क्षमताही बघा, म्हणजे तो कमीत कमी किती उष्णतेवर चालू शकतो ते. किमान जास्त असेल तर सौम्य थंडीत बॉयलर सारखा चालू-बंद होत राहतो.

बसवण्याआधी जुनी लाईन धुऊन घ्याच. काळा गाळ नव्या हीट एक्स्चेंजरच्या (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या) अरुंद वाटा बुजवतो. परतीच्या पाईपवर चुंबकीय फिल्टर लावा, पाण्यात गंजरोधक घाला. धुरातून निघालेलं पाणी आम्लधर्मी असतं, त्यामुळे त्याच्या निचऱ्याच्या पाईपला तांबं नको, प्लास्टिकच हवं. दर मीटर लांबीला निदान ४५ मिलिमीटर उतार द्या. या पाईपचा घराबाहेरचा भाग आखूड, जाड आणि गुंडाळलेला नसेल तर तो गोठून बॉयलर बंद पडतो, तोही नेमका ऐन थंडीत. याच पाण्यामुळे विटांच्या धुरांड्यात थेट धूर सोडता येत नाही. उत्पादकाने मान्य केलेला स्वतंत्र फ्लूच (धूर बाहेर नेणारा पाईप) लागतो. ते आणि गॅसचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्या.

माळ्यावरची उघडी टाकी काढून बंद, दाबाखाली चालणारी प्रणाली करणार असाल तर जुने सांधे दाब वाढल्यावर गळू शकतात. गार असताना दाब १ ते १.५ बार ठेवा आणि पहिला आठवडाभर रोज दाबमापकाच्या काट्यावर नजर असू द्या.