टॅरंटुलाची पिल्लं बिळात दडून बसली आहेत, खातही नाहीत. काय करावं?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. तुम्ही विचारलंय, "आज रात्री चमच्याने हळूच उकरून बघू का?" नको. कृपा करून उकरू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: टॅरंटुला, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याची, दोन पिल्लं आहेत, दोन्ही साधारण दीड सेंटिमीटरची. एक कुरळ्या केसांचा, म्हणजे ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस. त्याने तीन आठवड्यांपूर्वी बिळाचं तोंड मातीने बंद करून घेतलंय. दुसरा मेक्सिकन लाल गुडघ्यांचा, ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. तो बिळाच्या तोंडाशी दिसतो, पण दहा दिवस झाले, रातकिड्याला शिवत नाही. खोलीत २१ अंश तापमान असतं आणि दुकानदाराने डब्याखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, घालायला सांगितलंय. तुम्हीही माझ्यासारख्याच इंग्लंडात आहात, त्यामुळे हवा आणि हिटिंगचा कोरडेपणा दोघींकडे सारखाच.

मी मूळची सावंतवाडीची, आता लीड्सला असते. नऊ वर्षं हे कोळी पाळतेय. सध्या अकरा आहेत आणि बहुतेक सगळे मसुराच्या डाळीएवढे असताना आणलेले. तुमची पिल्लं जे करताहेत ते या अकराही जणांनी कधी ना कधी केलंय. ती बहुधा कात टाकायच्या तयारीत आहेत.

कोळ्याचं बाहेरचं कवच वाढत नाही. आतलं अंग मोठं झालं की जुनं कवच टाकावं लागतं, आणि ते टाकणं सापाच्या कातीपेक्षा फार अवघड. पाय, सुळे, तोंडाच्या आतलं अस्तर, घसा, अन्न शोषून घेणाऱ्या जठराचं अस्तर, पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांचं अस्तर, सगळं त्या कातीबरोबर बाहेर येतं. ज्याचा घसाच आतून सुटायला लागलाय तो खाणार कसा? त्याचं न खाणं हा आजार नसतो, त्या दिवसांत त्याला खाता येतच नाही. नवं कवच तयार झालं तरी सुरुवातीला ते सायीसारखं मऊ असतं, आणि त्या अवस्थेत एखादा रातकिडासुद्धा कोळ्याला कुरतडून मारू शकतो. दार लावून घेतलेलं असतं ते यासाठी.

हे मला कळलं ते फार वाईट रीतीने. माझं पहिलं पिल्लूही लाल गुडघ्यांचंच होतं. एकोणीस दिवस दार बंद होतं आणि माझा धीर सुटला. चहाच्या चमच्याने वरची माती बाजूला केली, तर ते पाठीवर उताणं पडलेलं, पाठीवरची ढाल उघडलेली, पाय अर्धे जुन्या कवचात, अर्धे बाहेर. माझ्या चमच्याने बिळाची भिंत त्याच्यावर ढासळली. दोन पाय वाकडे झाले, तिसरा कातीत अडकला. चौथ्या दिवशी ते गेलं. दोन दिवस थांबले असते तर ते बहुतेक जगलं असतं. म्हणून मी हे इतकं ठासून सांगतेय.

आता तुमच्या हातात काय आहे ते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. कोळ्याच्या पायांतल्या मोठ्या सांध्यांना पाय आत ओढणारे स्नायू असतात, सरळ करणारे नसतात. पाय सरळ होतो तो आतल्या द्रवाच्या दाबाने. कात टाकतानाही हाच दाब कामाला येतो: पोटातला द्रव पुढे ढकलला जातो, पाठीची ढाल झाकणासारखी उघडते आणि मग पाय एकेक करून मोज्यातून काढावेत तसे बाहेर येतात. अंगात पाणी कमी असेल तर हे काम मधेच थांबतं. मोठा टॅरंटुला कोरड्यात निभावून नेतो, पण दीड सेंटिमीटरच्या जिवाचं पाणी झपाट्याने उडतं.

त्यामुळे बंद बिळाकडे बघत बसण्यापेक्षा डब्याच्या एका कडेने ड्रॉपरने पाणी सोडा, भिंतीला लागून, म्हणजे ते खालपर्यंत झिरपेल. अर्धी बाजू ओलसर, अर्धी कोरडी ठेवा. डब्यातलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतपत ओल पुरे. बिळाच्या तोंडावर फवारा मारू नका. त्यांना ते आवडत नाही आणि ओल वरच्या वर सुकून जाते. लाल गुडघ्यांचा बाहेर असतो, त्याच्यासाठी बाटलीच्या छोट्या झाकणात पाणी ठेवा.

हीट मॅट नको. दुकानदार कदाचित सरड्यांच्या अनुभवावरून सांगत असेल. बिळात राहणारा जीव उकाडा झाला की खाली जातो, कारण मातीत खाली गारवा असतो हे त्याच्या रक्तात आहे. तुम्ही खालूनच तापवलंत तर तो गारव्याच्या शोधात थेट उष्णतेकडे जाईल आणि तिथेच सुकेल. २१ अंश या दोन्ही जातींना चालतं. थोड्या गारव्यात वाढ हळू होते, एवढंच.

लाल गुडघ्यांचा दिसतोय, तर त्याचं पोट बघा. पोट पुढच्या ढालीपेक्षा मोठं, ताणलेलं, चकचकीत दिसत असेल तर तो भरलेला आहे, निश्चिंत राहा. पोटावरचा रंग गडद होऊ लागला असेल तर कात जवळ आली, कारण खालचे नवे काळे केस जुन्या कातडीतून दिसायला लागतात. आठवड्यातून एकदा त्याच्यापुढे मेलेल्या रातकिड्याची तंगडी किंवा मीलवर्म या अळीचा बारीक तुकडा ठेवा. दुसऱ्या दिवशी तसाच असेल तर काढून टाका, नाहीतर बुरशी आणि माइट नावाचे बारीक किडे येतात. जिवंत रातकिडा रात्रभर आत सोडून झोपू नका. तुम्ही तो दोन दिवस तसाच ठेवला होता असं लिहिलंय. तो आजच काढा.

आणि पोट सुकलेलं, मनुकेसारखं सुरकुतलेलं दिसलं तर मात्र लगेच हालचाल करा. कोळी सरळ उभा असून आठही पाय पोटाखाली मुठीसारखे वळलेत, ही खरी धोक्याची खूण. दाब उतरला की पाय आत वळतात ते वर सांगितलेल्या कारणानेच. अशा वेळी त्याला उथळ पाण्याच्या कडेला असं ठेवा की तोंड पाण्याला टेकेल, पण पोट कोरडं राहील, कारण फुप्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात. काही तासांत पाय सैल होऊ शकतात. याउलट पाठीवर उताणा पडलेला कोळी मेलेला नसतो. तो कात टाकतोय. फुंकर मारू नका, डबा हलवू नका, टॉर्च लावून मुलांना दाखवायला बोलावू नका. नवखे लोक नेमके यातच गोंधळतात आणि जिवंत कोळी फेकून देतात.

किती दिवस थांबायचं? एवढ्या पिल्लांना साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. ब्रॅकिपेल्माच्या पिल्लांनी माझ्याकडे दोन-तीन महिनेही दार लावून घेतलंय. चिलीचा गुलाबी टॅरंटुला तर मोठेपणी वर्ष-वर्ष उपास करतो आणि ठणठणीत असतो. बीळ उकरायची वेळ एकाच स्थितीत येते: आत पाणी साचलंय, कुजका वास येतोय किंवा बुरशी बिळात उतरलीय. तसं नसेल तर डबा पारदर्शक असल्याने कधीतरी खालच्या बाजूने बिळाची भिंत दिसते का बघा, तेवढं पुरे.

दडून बसण्याबद्दल तुम्हाला वाईट वाटतंय हे तुमच्या लिहिण्यातून जाणवलं. "त्याला माझ्याकडे सुख नाही का," असं तुम्ही विचारलंय. तसं नाही हो. लहानपणी पावसाळ्यात आंबोलीला जाताना बाबा गाडी थांबवून जांभ्याच्या दरडीतली रेशमी अस्तर असलेली बिळं दाखवायचे. दिवसा आत काहीच दिसायचं नाही. रात्री बॅटरी घेऊन गेलं की तोंडाशी पायांची फक्त टोकं. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधक बाईंनी १९७४ पासून एका बिळवाल्या कोळिणीची नोंद ठेवली होती, तिला '१६ नंबर' म्हणत. ती टॅरंटुला नव्हे, झाकण असलेल्या बिळात राहणारी तिची दूरची नातलग. २०१६ मध्ये ती गेल्याचं लक्षात आलं तेव्हा ४३ वर्षांची होती आणि सगळा जन्म एकाच बिळात काढला होता. या जिवांचं घर म्हणजेच त्यांचं सुख असतं.

हे वाचणारं कुणी महाराष्ट्रात असेल तर त्यांच्यासाठीही एक विनंती: घाटातल्या बिळातून किंवा झाडाच्या ढोलीतून टॅरंटुला उचलून आणू नका. ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया गटातल्या आपल्याकडच्या सगळ्या जाती २०१९ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि त्यांच्या विषाने आलेले स्नायूंचे पेटके कित्येक दिवस टिकतात. तुमच्या दोन्ही जाती मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतल्या आहेत. त्यांचं विष सौम्य असतं, पण मोठी झाल्यावर पोटावरचे खाज आणणारे केस उडवतात. डब्यात तोंड घालून बघायची सवय आत्ताच सोडा, डोळ्यांना फार त्रास होतो.

एक दिवस सकाळी दार उघडलेलं दिसेल. लगेच खायला घालू नका. नवे सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर होतात, मग काळे. काळे झाले म्हणजे कडक झाले. एवढ्या पिल्लाला आठवडाभर पुरतो. मग पहिला घास मेलेला आणि लहान द्या. जुनी कात बहुतेक ते स्वतःच ओढून बिळाबाहेर टाकतं. ती मिळाली तर काडेपेटीत तारीख घालून ठेवा. आत्ताच्या कातीवरून काही कळणार नाही, पण पाय पसरून पाच सेंटिमीटरचा झाला की त्या वेळची कात कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून उलगडा, पोटाच्या आतल्या बाजूला भिंगाने बघा. फुप्फुसांच्या वरच्या जोडीच्या मधे छोटी पिशवीसारखी घडी दिसली तर ती मादी, आणि या जातींच्या माद्या वीस वर्षांच्या पुढे जगतात. तसा फोटो निघाला तर मला पाठवा, मी बघून सांगेन.