खग्रास ग्रहणाच्या फोटोंत सूर्याभोवती दिसणारे पांढरे टोकदार पट्टे म्हणजे ज्वाळा असतात का?

तुम्ही विचारलंय की खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या चकतीभोवती पाकळ्यांसारखे पट्टे दिसतात ते काय, आणि दर ग्रहणात त्यांची ठेवण वेगळी का असते.

ज्वाळा नाहीत. त्यांना स्ट्रीमर म्हणतात, आणि त्यांचा पांढरा उजेड त्यांचा स्वतःचा नसतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश वरच्या करोनातल्या, म्हणजे सूर्याच्या विरळ बाह्य वातावरणातल्या, मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरतो आणि त्यातला थोडासा आपल्याकडे येतो. अंधाऱ्या खोलीत कवडसा पडला की धूलिकण चमकतात ना, तसंच. म्हणून फोटोत जिथे उजळ दिसतं, तिथे जास्त गरम असतं असं नाही. तिथे इलेक्ट्रॉन जास्त दाट असतात. हा सगळा उजेड सूर्यबिंबाच्या उजेडाचा साधारण दहा लाखावा भाग असतो, त्यामुळे एरवी तो आकाशाच्या झगमगाटात बुडून जातो.

आता तिथेच दाटी का? करोनाचं तापमान १० ते २० लाख अंशांच्या घरात असतं. एवढा तापलेला वायू सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला न जुमानता बाहेर वाहू पाहतो. पण तो विद्युतभारित असल्यामुळे चुंबकीय बलरेषांना ओलांडून आडवा जाऊ शकत नाही, त्यांच्या बाजूबाजूनेच सरकतो. जिथे बलरेषा सूर्यातून निघून कमानीसारख्या वळतात आणि परत सूर्यातच शिरतात, तिथे तो कमानीखाली अडकून साठतो. हा झाला स्ट्रीमरचा फुगीर बुंधा. वर जावं तसं चुंबकीय क्षेत्र दुबळं होत जातं. सूर्याच्या केंद्रापासून बहुधा दोन-अडीच त्रिज्यांवर वायूच्या बाहेर जाण्याच्या ओढीपुढे त्याचं काही चालत नाही, कमानी मिटेनाशा होतात आणि बलरेषा सरळ अवकाशात ताणल्या जातात. तिथे टोक येतं आणि टोकापासून पुढे लांब, निमुळता देठ निघतो. जुन्या काळच्या टोकदार शिरस्त्राणासारखा हा आकार दिसतो, म्हणून नावच ‘हेल्मेट स्ट्रीमर’. चांगल्या फोटोत बुंध्याच्या आत नीट पाहिलंत तर पुष्कळदा एक काळपट पोकळी आणि तिच्या तळाशी लालसर प्रॉमिनन्स, म्हणजे करोनात तरंगणारा त्यामानाने थंड आणि दाट वायू, सापडेल.

देठाच्या एका बाजूच्या बलरेषा सूर्यापासून बाहेर जाणाऱ्या, दुसऱ्या बाजूच्या आत येणाऱ्या. दोन्हींच्या मधोमध विद्युतप्रवाहाचा एक पातळ थर असतो आणि तो ग्रहांच्याही पलीकडे पसरलेला असतो.

मला स्वतःला जी गोष्ट समजायला सर्वात जास्त वेळ लागला ती आता सांगतो. फोटोत पट्टा दिसतो म्हणून आपण तो भाल्यासारखा धरून चालतो. प्रत्यक्षात तो पडदा असतो. हा पडदा सगळ्या सूर्याला वेढून असतो, वर-खाली लाटा घेत. झिरझिरीत पडद्याला चुणी पडली की त्या जागी कापड गडद दिसतं, कारण आपली नजर कापडाच्या जाडीतून नाही, त्याच्या लांबीतून जात असते. स्ट्रीमरचंही तेच. पडदा कडेवर आला की लखलखीत रेघ, समोरासमोर आला की नुसता पुसट उजेड. पृथ्वीवरून पाहता सूर्य साधारण २७ दिवसांत एक फेरी घेतो, त्यामुळे एखादा स्ट्रीमर ‘नाहीसा’ झालेला दिसला तरी बऱ्याचदा तो तिथेच असतो, फक्त आपल्याला आडवा झालेला.

दर ग्रहणात ठेवण बदलते ती ११ वर्षांच्या सौरचक्रामुळे. सूर्य शांत असताना पडदा विषुववृत्ताजवळ बराचसा सपाट राहतो: दोन्ही बाजूंना लांब पंख, ध्रुवांवर बारीक पिसं. सूर्य खवळलेला असताना पडदा ध्रुवांपर्यंत दुमडतो आणि चहूकडून स्ट्रीमर निघतात. ऑगस्ट २०१७ आणि ८ एप्रिल २०२४ या दोन ग्रहणांचे फोटो शेजारी ठेवून बघा. पहिल्यात मोजके मोठे स्ट्रीमर, दुसऱ्यात सगळीकडे. मात्र असे बहुतेक फोटो अनेक छायाचित्रं जोडून आणि बारकावे उठावदार करून तयार केलेले असतात. डोळ्यांना दिसणारा करोना याहून मऊ असतो.

ग्रहणाची वाट न बघताही स्ट्रीमर पाहता येतात. सूर्याच्या अभ्यासासाठी १९९५ साली सोडलेल्या सोहो यानावर लॅस्को नावाची उपकरणं आहेत, त्यांत एका तबकडीने सूर्य झाकलेला असतो. त्यांतल्या सी-२ या उपकरणाच्या केशरी चित्रांत त्या तबकडीवर सूर्याच्या आकाराचं पांढरं वर्तुळ काढलेलं असतं. मी ही चित्रं नेहमी बघतो. एकेक बघून काही कळत नाही. दोन-तीन दिवसांची चित्रं ओळीने सरकवली की देठ जिवंत होतो. टोकापासून वायूचे पुसट गोळे सुटतात आणि देठावरून बाहेर घरंगळत जातात. पाच त्रिज्यांवर त्यांचा वेग सेकंदाला दीडशे किलोमीटरच्या आसपास, पंचवीस त्रिज्यांवर तीनशेच्या. सौर वाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांचा, संथ प्रवाह, सेकंदाला ३००-४०० किलोमीटरचा, याच पट्ट्याशी जोडलेला आहे. कधी एखादा स्ट्रीमर दिवसेंदिवस फुगत जातो आणि एके दिवशी सगळाच्या सगळा उखडून बाहेर फेकला जातो. शेजारी मोठा उद्रेक झाला तर त्याच्या धक्क्याने देठ निशाणासारखा फडफडतानाही दिसतो.

सगळेच स्ट्रीमर असे नसतात. काहींच्या दोन्ही बाजूंना बलरेषांची दिशा एकच असते, म्हणून मधला विद्युतप्रवाहाचा थर तिथे नसतो. त्यांना स्यूडोस्ट्रीमर म्हणतात. एप्रिल २०२१ मध्ये नासाचं पार्कर सोलर प्रोब हे यान पहिल्यांदा करोनाच्या आत शिरलं, त्याच फेरीत ते अशा एका स्यूडोस्ट्रीमरवरून गेलं. बाहेर चुंबकीय क्षेत्र सारखं उलटंसुलटं होत होतं. आत शिरल्यावर ते हेलकावे कमी झाले, कणांचा वेग उतरला, आणि बाहेर पडेपर्यंत यानाला तिथे शांतताच मिळाली.