मांडीचं हाड, सोनोग्राफी आणि वाया जाणारे दिवस

मांडीच्या हाडाचं ऑपरेशन आता सोनोग्राफीवर होतं, असं कुठूनसं पसरलंय. त्याबद्दल सतत पत्रं येतात, म्हणून काही उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : सोनोग्राफीत हाड आतून दिसतं का? (सिडको)
नाही. हाडाचा फक्त वरचा पृष्ठभाग पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, त्याखाली काळी सावली.

प्रश्न : एका ठिकाणी 'रेडिएशनमुक्त' ऑपरेशनचे जादा पैसे सांगितले. द्यावेत का? (दिंडोरी)
आधी विचारा, मोडलेलं हाड धरून ठेवणारा धातूचा रॉड आत कशावर बघून घालणार? मांडीचा रॉड आणि त्याचे स्क्रू जगभर प्रामुख्याने सी-आर्म या एक्स-रे यंत्रावर बघूनच बसवतात. तुकडे जुळले का, पाय फिरला तर नाही ना, हे सोनोग्राफीने पाहण्यावर संशोधन चालू आहे आणि ते मोलाचं आहे. पण म्हणून सी-आर्म हद्दपार झालेला नाही. रुग्णाला ऑपरेशनपुरता मिळणारा एक्स-रे किरणांचा डोस थोडा असतो. शिशाचा एप्रन आम्ही डॉक्टर घालतो, कारण आम्ही रोज तिथे उभे असतो. सही करण्याआधी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला एक्स-रे दाखवा.

प्रश्न : आजी (७८) न्हाणीघरात घसरली, खुब्याजवळ हाड मोडलंय. सोनोग्राफीवाल्या ऑपरेशनसाठी मुंबईत चौकशी चालू आहे. चार दिवस घरीच आहे. चालेल का? (सिन्नर)
नाही चालणार. आजच दाखल करा. या वयात खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ३६ ते ४८ तासांत व्हावं लागतं. पडून राहिलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हातारं माणूस हाडापेक्षा या अंथरुणानं जातं. कुणी हाडवैद्य सुचवतो, कुणी अमावास्या टळू द्या म्हणतो, आणि घरचे ऐकतात, याचा मला मनापासून संताप येतो.

सोनोग्राफीचा खरा उपयोग आजींना आहे, तो दुखणं थांबवायला. भूलतज्ज्ञ जांघेत प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) ठेवतात, सुईचं टोक मशीनच्या स्क्रीनवर बघत नसेजवळच्या पडद्याखाली औषध सोडतात. ते काळ्या डबक्यासारखं पसरताना दिसतं. अर्ध्या तासात, चादर सरकली तरी ओरडणारं माणूस कुशीवर वळू देतं. याला 'ब्लॉक' म्हणतात. दाखल करताना तो मिळेल का, हे जरूर विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतः बंद करू नका.

प्रश्न : घरी मशीन आणून तपासतील का? (पेठ)
नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे हे यंत्र असं घरोघर फिरवता येत नाही. शिवाय तुम्हाला एक्स-रे हवा आहे.

प्रश्न : रॉड मांडीत, मग पोटरी सुजल्यावर सोनोग्राफी कशाला? तेल लावून चोळतोय. (नाशिकरोड)
चोळणं आत्ता थांबवा. शिरेत गुठळी आहे का हे डॉप्लर सोनोग्राफीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, कळतं. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. तपासणी आजच करा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता १०८ ला फोन करा.