ताईंना विचारा : फ्रिज नसताना आठवड्याचा स्वयंपाक

प्रश्न : ताई, आम्ही खानापूरला राहतो. घरात सहा माणसं, फ्रिज नाही. मला सकाळी सातला कामावर निघावं लागतं. रविवारी स्वस्तात काय करून ठेवू?

उत्तर : बाई, शिजवलेला भात आणि आमटी साठवू नकोस, पोरांची पोटं बिघडतील. रविवारी फक्त कोरडं कर. ज्वारीच्या भाकऱ्या पातळ थाप, भाजून झाल्या की मंद तव्यावर पापडासारख्या कडक होईपर्यंत ठेव. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, वाफ राहिली की बुरशी आलीच. निपाणीला माझ्या सासूबाई अशी चवड फडक्यात बांधून ठेवायच्या. आठवडाभर पुरायची, सोबत शेंगांची चटणी.

कांदा तेलात चांगला लाल कर, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, तिखट घालून पाणी न लावता वाट. ओलं खोबरं मुळीच नको, ते लगेच आंबतं. मसाला तीन-चार दिवसांपुरताच कर. सकाळी निघताना दोन वाट्या अख्खा मसूर भिजत घाल, संध्याकाळी कुकरला लाव, मसाला सोड. अर्ध्या तासात सहा ताटं होतात. उरलेल्या पातळ रश्श्यात त्याच रात्री कडक भाकरी कुस्करून खा, माझ्या पोरांना तीच जास्त आवडायची.